सिस्टरच्या उत्तरांची सरासरी काढू नका

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

१२ मे हा जागतिक परिचारिका दिन जवळ आला की आमच्या सेवाभावावर लिहिले जाते, मेणबत्त्या पेटवून शपथ घेतली जाते आणि १३ तारखेला ड्यूटीचा तक्ता होता तसाच भिंतीवर राहतो. या वार्षिक कौतुकाबद्दल माझी तक्रार नाही. मला लिहायचे आहे ते एका वेगळ्या आणि तुलनेने नव्या गोष्टीबद्दल. एम. एस्सी. नर्सिंगच्या विद्यार्थिनी प्रबंधासाठी आणि काही रुग्णालये आपल्या कर्मचारी सर्वेक्षणासाठी आता परिचारिकांचे ‘मानसशास्त्रीय सक्षमीकरण’, म्हणजे आपल्या कामाबद्दल त्यांना वाटणारी आतली ताकद, प्रश्नावलीने मोजू लागली आहेत. मी आधी अधिपरिचारिका (स्टाफ नर्स) आणि पुढे पाठनिर्देशिका (नर्सिंगची शिक्षिका) म्हणून नोकरी केली, असे प्रबंध वाचले, तपासले आणि एकदोन वेळा विद्यार्थिनींबरोबर ही प्रश्नावली मराठीत आणण्याच्या खटपटीतही बसले. त्या अनुभवावरून सांगते की हे मोजमाप उपयोगी आहे. मात्र त्याचा शेवट एका आकड्यात करण्याची जी रीत पडली आहे, ती परिचारिकांच्या बाबतीत नेमके जे दिसायला हवे तेच झाकून टाकते.

बहुतेक ठिकाणी वापरली जाते ती प्रश्नावली अमेरिकेतील व्यवस्थापनशास्त्राच्या अभ्यासक ग्रेचेन स्प्रेट्झर यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केली. तिच्यात बारा विधाने आहेत आणि प्रत्येक विधानाशी आपण किती सहमत आहोत हे एक ते सात या मापावर सांगायचे असते. विधाने तीन-तीनच्या चार गटांत पडतात. पहिला गट कामाच्या अर्थाचा, म्हणजे हे काम मला मोलाचे वाटते का. दुसरा आपल्या कौशल्यावरच्या भरवशाचा. तिसरा काम कसे करायचे ते स्वतः ठरवता येण्याचा. आणि चौथा, आपल्या विभागात जे घडते त्यावर आपल्या म्हणण्याचा काही परिणाम होतो का याचा. ही प्रश्नावली रुग्णालयात जन्मलेली नाही. तिची पहिली चाचणी एका मोठ्या औद्योगिक कंपनीतील व्यवस्थापकांवर आणि एका विमा कंपनीतील कर्मचाऱ्यांवर झाली. परिचर्येच्या क्षेत्रात ती आली आणि जगभर रुजली ती पुढे, विशेषतः कॅनडातील संशोधक हेदर लाशिंगर यांच्या कामातून.

आता सरासरीची गंमत पाहावी. समजा, एका सिस्टरचे चार गटांतील गुण अनुक्रमे सात, सहा, चार आणि तीन आले. बेरीज वीस, सरासरी पाच. दुसरीचे चारही गटांत पाच-पाच आले. तिचीही सरासरी पाच. सातच्या मापावर पाच म्हणजे मध्याच्या वर, म्हणून अहवालात दोघींपुढे ‘समाधानकारक’ असा शेरा पडतो. वास्तविक पहिली सिस्टर आपल्या कामाला सर्वस्व मानते, ते आपल्याला उत्तम येते हे जाणते, आणि तरीही वॉर्डात आपले कुणी ऐकत नाही असे सांगते आहे. स्प्रेट्झर यांनी स्वतः असे मांडले आहे की चारांपैकी एक बाजू लंगडी असली तर सक्षमतेची एकूण जाणीव पूर्ण नाहीशी होत नाही, पण खालावते. सिद्धांत म्हणून ते योग्यच आहे. अडचण अशी की ती खालावलेली बाजू कोणती हे सरासरी सांगत नाही, आणि परिचारिकांच्या बाबतीत ती बाजू कोणती असेल हे कोणत्याही वॉर्डात एक रात्र काढलेल्या माणसाला प्रश्नावलीवाचूनही सांगता येईल.

कामाचा अर्थ या गटात आमचे गुण कमी पडण्याची शक्यता फारशी नाही. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांचे उदाहरण सर्वांना माहीत आहे. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी त्यांच्यावर हल्ला झाला, त्यातून त्या कायमच्या अंथरुणाला खिळल्या आणि १८ मे २०१५ रोजी त्यांचे निधन झाले. मधली एकेचाळीस वर्षे आणि काही महिने त्यांना न्हाऊ घालणे, भरवणे, कूस बदलणे हे त्याच रुग्णालयातील परिचारिकांच्या एकामागून एक आलेल्या पिढ्यांनी केले. त्यांतल्या कित्येकींनी अरुणाताईंना कधी चालता-बोलताना पाहिलेलेही नव्हते. इतक्या वर्षांत त्यांना एकही शय्याव्रण (बेडसोर) झाला नाही याची नोंद सर्वोच्च न्यायालयाने घेतली. बेडसोर न होऊ देणे म्हणजे काय, हे ज्याने अंथरुणाला खिळलेल्या माणसाची दर दोन तासांनी कूस बदलली आहे त्याला सांगायला नको. कामाचा अर्थ आणि कौशल्य हे दोन्ही रकाने त्या एका वाक्यात भरले जातात. पण त्यांच्या दयामरणाच्या याचिकेवरील ७ मार्च २०११ च्या त्याच निकालात आणखी एक गोष्ट आहे, जिच्याकडे आमच्या व्यवसायातही कमी लक्ष गेले. अरुणाताईंच्या वतीने बोलण्याचा अधिकार कुणाचा, या प्रश्नावर न्यायालयाने तो याचिकाकर्तीचा न मानता के. ई. एम.च्या कर्मचाऱ्यांचा मानला. ज्या हातांनी सेवा केली त्या हातांच्या मताला वजन आहे, असे कुणीतरी लेखी म्हटले. परिचारिकांच्या म्हणण्याचा ‘परिणाम’ होणे याचे याहून स्पष्ट उदाहरण मला ठाऊक नाही. मात्र त्यासाठी प्रकरण देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले.

तिसऱ्या गटाची, म्हणजे स्वतः ठरवता येण्याची, कथा अधिक गुंतागुंतीची आहे. रात्री दोन वाजता एखाद्या रुग्णाचा रक्तदाब उतरू लागतो. निवासी डॉक्टर दुसऱ्या मजल्यावर अडकलेले असतात. सिस्टर फोन करते, ‘सलाइन वाढवा, मी येतो,’ असे उत्तर मिळते, आणि पुढची वीस-पंचवीस मिनिटे त्या खाटेजवळ जे काही ठरते ते तीच ठरवते. सकाळी ओव्हर देताना, म्हणजे पुढच्या पाळीकडे काम सोपवताना, सगळे रिपोर्ट बुकात उतरते, तोंडी आदेशावर सही मिळते किंवा मिळवावी लागते. नऊ वाजता राऊंड सुरू होतो आणि जिने रात्र सांभाळली, तिची जागा घेतलेली सिस्टर केस पेपरांचा गठ्ठा हातात घेऊन घोळक्याच्या शेवटी उभी असते. ड्रेसिंग आज बदलायचे की उद्या, हेही तिला विचारले जाईलच असे नाही. या दोन्ही पाळ्या महिन्याभरात एकाच सिस्टरच्या वाट्याला येतात. मग ‘माझे काम कसे करायचे हे मला ठरवता येते’ या विधानापुढे तिने कोणता आकडा लिहावा? मी ज्यांना विचारले त्यांतल्या एका अनुभवी परिसेविकेने (वॉर्डाच्या प्रमुख सिस्टरने) उत्तर दिले होते, ‘मॅडम, रात्रीचा सात लिहू की सकाळचा दोन?’ आम्ही तिला, सर्वसाधारणपणे काय वाटते ते लिहा, असे सांगितले. तिने चार लिहिले. तो चार तिच्या एकाही पाळीचा नव्हता, आणि तसे सांगितल्याबद्दल मला आजही अवघडल्यासारखे होते. प्रश्नावलीवर वय, शिक्षण, वैवाहिक स्थिती हे सगळे विचारले जाते. गेले पंधरा दिवस कोणती पाळी होती हे मात्र क्वचितच विचारले जाते.

रात्रीच्या त्या अधिकाराला आणखी एक बाजू आहे. तो कुणी दिलेला नसतो, प्रसंगाने अंगावर आलेला असतो. सगळे नीट झाले तर त्याची नोंद होत नाही आणि बिघडले तर सही तिची असते. अशा अधिकाराला सक्षमीकरण म्हणावे काय, हा वादाचा प्रश्न आहे. माझे मत, म्हणू नये.

भाषेचा प्रश्न तर मोजमापाच्या मुळाशीच येतो. परदेशी प्रश्नावली मराठीत आणताना एकाने मराठी करायचे, दुसऱ्याने मूळ न पाहता त्याचे पुन्हा इंग्रजी करायचे आणि दोन्ही ताडून पाहायचे, ही पद्धत सर्वजण पाळतात, निदान पाळल्याचे लिहितात. तरीही गोंधळ उरतो, कारण शब्द बरोबर असूनही वॉर्डात त्याचा अर्थ दुसराच असतो. आपण संपूर्ण संकल्पनेला ‘सक्षमीकरण’ म्हणतो आणि तिच्या चारांपैकी एका भागाला ‘सक्षमता’. म्हणजे घराला आणि घरातल्या एका खोलीला एकच नाव. शिवाय ‘सक्षमीकरण’ म्हटले की मराठी माणसाच्या मनात बचत गट, शिलाई यंत्र आणि शासकीय योजना उभी राहते. ते कुणीतरी कुणाला तरी द्यायचे असते; या प्रश्नावलीला मात्र आतली जाणीव हवी आहे. ‘स्वायत्तता’ हा शब्द विद्यापीठांनी आणि महाविद्यालयांनी अडवून ठेवला आहे. ‘प्रभाव’ लिहिले तर ‘माझा विभागावर मोठा प्रभाव आहे’ हे वाक्य बढाईचे वाटते आणि साधी, कामसू सिस्टर संकोचाने खालचा आकडा निवडते. ‘परिणाम’ लिहिले तर रुग्णालयात त्या शब्दाच्या मागे आपोआप औषध येते. आणि ‘विभाग’ म्हणजे काय? तिचा वॉर्ड, की मेडिसिन विभाग, की परिचर्या विभाग? या तिन्ही ठिकाणी तिचे वजन सारखे नसते.

मराठीची आणखी एक अडचण इंग्रजी प्रश्नावली करणाऱ्याला कधी जाणवणारच नाही. आपले ‘मी करते’ आणि ‘मी करतो’ वेगळे आहे. स्त्रीलिंगी वाक्ये छापली की वॉर्डातले ब्रदर, म्हणजे पुरुष परिचारक, हसून कागद बाजूला ठेवतात, आणि तिरकी रेघ मारून दोन्ही रूपे दिली की बारा विधाने वाचता वाचता मूळ प्रश्नच हरवतो. आम्ही शेवटी ‘मला ठरवता येते’, ‘माझा भरवसा आहे’ अशा रचना केल्या, ज्यांत क्रियापदाला लिंग विचारले जात नाही. मुंबई-पुण्याच्या खासगी रुग्णालयांत केरळातून आलेल्या परिचारिका मोठ्या संख्येने काम करतात. त्या रुग्णांशी मराठी-हिंदी सफाईने बोलतात, पण सात पायऱ्यांची सहमती मराठीत तोलणे वेगळे. त्यांना त्यांच्या सोयीच्या भाषेतला कागद दिला पाहिजे, नाहीतर आपण सक्षमतेऐवजी मराठी मोजू.

कागद कोण वाटतो आणि कोण गोळा करतो, हा प्रश्न प्रबंधांत एका ओळीत उरकलेला असतो. माझ्या मते त्यावर एक प्रकरण लिहावे. ‘तुमची माहिती गोपनीय राहील’ असे वर छापलेले असते, आणि भरलेले कागद सहायक अधिसेविकांच्या (असिस्टंट मेट्रनच्या) टेबलावरच्या फायलीत ठेवायचे असतात. वॉर्डाचे नाव, वय आणि नोकरीची वर्षे लिहिली की वीस जणींच्या युनिटमध्ये कागद कुणाचा हे ओळखायला नाव लागत नाही. कंत्राटावर असलेली, अकरा महिन्यांनी पुन्हा नेमणूक होण्याची वाट पाहणारी मुलगी अशा कागदावर काय लिहील? मी असे गठ्ठे पाहिले आहेत ज्यांत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सात, सात, सात असे एकाच पेनाने, एकाच घाईने लिहिलेले असते. संगणक त्यातून विश्वासार्हतेचा उत्तम गुणांक काढून देतो, कारण सगळी उत्तरे एकमेकींशी जुळतात. भीतीही फार सुसंगत असते. शिवाय ज्या वैतागून राजीनामा देऊन आखातात किंवा ब्रिटनला निघून गेल्या, त्या या गठ्ठ्यात नसतातच. उरलेल्यांची सरासरी आपण सर्वांची म्हणून छापतो.

आता मुख्य मुद्द्याकडे येते. मनातली जाणीव मोजायची आणि भोवतालची परिस्थिती मोजायची नाही, यातून एक सूक्ष्म अन्याय होतो. गुण कमी आले की उपाय म्हणून परिचारिकांचेच प्रशिक्षण ठरते: आत्मविश्वास कसा वाढवावा, ताण कसा हाताळावा, सकारात्मक कसे राहावे. व्याख्यान, चहा, प्रमाणपत्र. जणू दोष जाणिवेचाच आहे. अमेरिकेतील समाजशास्त्रज्ञ रोझाबेथ मॉस कँटर यांनी १९७७ मध्ये एका मोठ्या कंपनीच्या अभ्यासावरून मांडले होते की कामावरची ताकद माणसाच्या स्वभावातून कमी आणि त्याच्या जागेतून अधिक येते. त्याला संधी, माहिती, पाठबळ आणि साधने किती मिळतात यावर ती ठरते. लाशिंगर यांनी हाच विचार कॅनडाच्या ओंटारियो प्रांतातील परिचारिकांवर तपासला आणि २००१ मध्ये दाखवले की या चार गोष्टी जिथे अधिक, तिथे मानसिक सक्षमतेची जाणीवही अधिक आणि कामाचा ताण कमी. म्हणजे क्रम असा आहे: आधी रचना, मग जाणीव. आपण मात्र दुसरीच मोजतो, कारण पहिली मोजली तर उत्तर प्रशासनाला द्यावे लागते.

रचना मोजणे अवघडही नाही. भारतीय परिचर्या परिषदेने वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक आणि सर्वसाधारण रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक परिचारिका असे प्रमाण सांगितले आहे. प्रश्नावली ज्या दिवशी भरून घेतली त्या दिवशी, त्या पाळीत, त्या वॉर्डात किती खाटा भरलेल्या होत्या आणि किती सिस्टर हजर होत्या, हे दोन आकडे कागदाच्या कोपऱ्यात लिहायला एक मिनिट लागते. जमिनीवर गाद्या टाकून चाळीसच्या वॉर्डात साठ रुग्ण आणि दोन सिस्टर असताना ‘मला ठरवता येते’ या विधानाला आलेला तीन हा मानसशास्त्राचा विषय नसून हजेरीपटाचा आहे.

अधिकार आणि जबाबदारी यांतले हे अंतर कुठवर जाऊ शकते, हे आपण नोव्हेंबर २०२१ मध्ये पाहिले. तेव्हाच्या अहमदनगरच्या, आताच्या अहिल्यानगरच्या जिल्हा रुग्णालयातील अतिदक्षता विभागाला आग लागून दहाहून अधिक रुग्णांचा मृत्यू झाला आणि त्यानंतर ज्यांना अटक झाली त्यांत परिचारिका होत्या. कुणाचा दोष किती, हे ठरवणे न्यायालयाचे काम आहे आणि त्यावर मी भाष्य करत नाही. मी इतकेच विचारते की रुग्णालयांत वीजजोडणी, अग्निशमन आणि खाटांची मांडणी ठरवणाऱ्या बैठकीला वॉर्डातली सिस्टर आपल्या राज्यात किती ठिकाणी बोलावली जाते. ‘विभागात जे घडते त्यावर माझ्या म्हणण्याचा परिणाम होतो’ हे विधान कागदावर कोरडे वाटते; त्याचा अर्थ इतका ठोस असू शकतो.

यावर एका ज्येष्ठ अधिसेविकांनी मला एकदा सुनावले होते की पदे भरणे त्यांच्या हातात नाही, निधी त्यांच्या हातात नाही, मग असले मोजून करायचे काय. त्यांचे म्हणणे निम्मे खरे आहे. पण चौथ्या गटातल्या किती तरी गोष्टींना निधी लागत नाही. महिन्याचा ड्यूटी तक्ता वरून लिहून येण्याऐवजी वॉर्डातल्या चौघी-पाचजणींनी मिळून कच्चा तक्ता करावा आणि परिसेविकेने तो पक्का करावा, यात एक रुपयाही जात नाही. मी तसे केले होते, आणि आजारपणाच्या अचानक रजा कमी झाल्या होत्या, असे माझे निरीक्षण आहे. ज्या बनावटीच्या इंट्राकॅथची (शिरेत सलाइनसाठी घालायच्या नळीची) सुई दोनदा टोचावी लागते ती पुन्हा मागवू नये, हे ज्या हाताला कळते तो हात खरेदी समितीत नसतो. तिथे एक खुर्ची वाढवणे अशक्य नाही. जंतुसंसर्ग नियंत्रण समितीत परिचारिका असतात, पण अनेकदा त्या माहिती गोळा करून देण्यापुरत्या असतात. निर्णयाच्या दिवशी इतिवृत्तावर त्यांची सही असते, वाक्य नसते. केंद्राच्या रुग्णालयांत स्टाफ नर्सचे पदनाम नर्सिंग ऑफिसर असे झाले, त्याचा मला आनंद आहे. पण ऑफिसर हा शब्द गणवेशावरच्या पट्टीवरून इतिवृत्तात उतरला की नाही, हेच तर चौथ्या रकान्यातली ती तीन विधाने विचारतात.

खासगी रुग्णालयांबाबत एक वेगळी गोष्ट नोंदवते. सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी २०१६ च्या निर्देशानंतर नेमलेल्या समितीने पन्नासपेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयांतही परिचारिकेचा पगार महिना २० हजार रुपयांपेक्षा कमी नसावा, अशी शिफारस केली होती. मानसशास्त्रीय प्रश्नावली वाटण्याआधी त्या रुग्णालयाने आपल्या पगारपत्रकाकडे एकदा पाहावे.

विद्यार्थिनींना आणि त्यांच्या मार्गदर्शकांना माझी विनंती आहे की चारही गटांचे गुण वेगवेगळे छापावेत आणि एकत्रित आकडा द्यायचाच असेल तर तो त्यांच्या खाली, बारीक अक्षरांत द्यावा. पाळी आणि रुग्णसंख्या नोंदवावी. कागद वॉर्डाबाहेरच्या कुलूपबंद पेटीत घ्यावेत. आणि निष्कर्ष ज्यांनी उत्तरे दिली त्यांच्यापुढे आधी वाचून दाखवावेत. या शेवटच्या मुद्द्याबाबत मी स्वतः दोषी आहे. माझ्या मार्गदर्शनाखाली झालेले प्रबंध ग्रंथालयात गेले, विद्यापीठात गेले. ज्या वॉर्डांतून उत्तरे आणली तिथे त्यांतला एकही परत गेला नाही. रात्रीचा सात की सकाळचा दोन असे विचारणाऱ्या त्या परिसेविकेला आम्ही तिच्या चारचे काय केले, हे अजून कळलेले नाही.

आपल्याकडेही एक मागणे आहे. अमुक रुग्णालयातील परिचारिका इतके टक्के सक्षम, अशी बातमी कधी आपल्या कार्यालयात आली, तर छापण्यापूर्वी आपल्या प्रतिनिधीने चौथ्या गटाचा आकडा स्वतंत्रपणे मागून घ्यावा आणि कागद कुणाच्या टेबलावर गोळा झाले होते तेही विचारावे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त पाठनिर्देशिका, सांगली
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)